श्वेतपेशीतील कणिका शाबूत कशा काढतात?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण झाल्यावर स्मरणिकेच्या संपादकांनी ते लिहून मागितले. बोलताना मी फळ्यावर आकृत्या काढल्या होत्या, त्या येथे देता येत नाहीत. म्हणून वाचकांसाठी काही ठिकाणी दोन वाक्ये अधिक लिहिली आहेत. ज्यांनी ते भाषण ऐकले आहे त्यांनी ती वाक्ये सोडून द्यावीत.

रक्तातील श्वेतपेशी फोडून तिच्या आतली अंगके शाबूत बाहेर काढणे, असा आजचा विषय. विषयाचे नाव ऐकून काही पालक एकमेकांकडे पाहू लागले, ते मला व्यासपीठावरून दिसले. परंतु वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. आपण कापसाच्या मुलखातले. हिंगणघाटचा कापूस एके काळी विलायतेच्या बाजारात हिंगणघाट याच नावाने ओळखला जाई. जिनात कापूस टाकला की रुई एका बाजूला आणि सरकी दुसऱ्या बाजूला पडते. पण जिनाची बसवणी चुकली तर सरकी फुटते, तिचे तेल रुईला लागते, आणि मग ना रुई धड राहते ना सरकी. पेशीचेही तसेच आहे. ती फोडणे कोणालाही जमते, साध्या पाण्यात टाकली तरी फुटते. आतले काही फुटू न देणे अवघड. आणि आतले फुटलेले नाही हे दुसऱ्याला पटेल अशा रीतीने दाखवून देणे त्याहून अवघड. आजचे माझे सारे बोलणे या तिसऱ्या गोष्टीभोवती आहे.

या विषयाकडे मी वळलो तो हत्तीरोगामुळे. हा रोग आपल्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास त्याच्या कृमीची पिल्ले एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. दिवसा ही पिल्ले बाहेरच्या रक्तात जवळजवळ सापडत नाहीत. रात्री, डास चावण्याच्या वेळी, ती वर येतात. म्हणून हत्तीरोगाच्या तपासणीचे पथक रात्री घरोघर फिरून बोटातले रक्त घेते. देशात हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला आणि २००४ पासून वर्षातून एकदा सर्वांना गोळ्या देण्याची मोहीम आली. सेवाग्रामला १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तेथील जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कृमीची प्रतिजने वेगळी करून, रक्ताच्या थेंबावरून रोग ओळखण्याच्या चाचण्यांवर अनेक वर्षे काम केले. एका खेड्याशेजारी असे काम होऊ शकते, हे आमच्या पिढीने तेथे पाहिले.

ते काम कृमीच्या बाजूचे. मला कुतूहल होते ते माणसाच्या बाजूचे. कृमी अंगात शिरला की रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या श्वेतपेशी वाढतात. निरोगी माणसाच्या शंभर श्वेतपेशींत त्या एक ते चार असतात. कृमीच्या रोग्यात कधी पंचवीस, कधी त्याहूनही अधिक दिसतात. पॉल अर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ साली इओसिन हा लाल रंग वापरून त्या प्रथम ओळखल्या. या पेशी कणिकांनी गच्च भरलेल्या असतात. प्रत्येक कणिका म्हणजे एक बंद थैली, आणि त्या थैलीत कृमीची कातडी जाळू शकणारी प्रथिने. न्यूट्रोफिल ही दुसरी श्वेतपेशी, आपल्या रक्तात सर्वांत जास्त. तिच्याही पोटात अशाच थैल्या, पण त्यातला दारूगोळा जंतूंसाठी. तो जोवर थैलीत आहे तोवर पेशीला त्यापासून अपाय नाही. थैली फुटली तर तो जंतूला मारतो, आणि वेळ पडली तर आपल्याच शरीरालाही इजा करतो. तेव्हा कोणत्या थैलीत काय आहे हे कळायला हवे. आणि ते कळायचे तर थैली न फोडता हाती यायला हवी.

आता थैली शाबूत आहे की नाही हे ओळखायचे कसे? विद्यार्थी मित्रांनी हा प्रयोग घरी करून पाहावा. लाल बीटाच्या चकत्या कापा आणि वाहत्या पाण्यात त्यांचा सुटा रंग धुऊन टाका. मग काही चकत्या गार पाण्यात ठेवा व काही खूप गरम पाण्यात. गार पाणी बराच वेळ जवळजवळ नितळ राहते. गरम पाणी मिनिटभरात लालभडक होते. रंग दोन्हीकडे सारखाच होता. पण बीटाच्या पेशीत तो रिक्तिका नावाच्या थैलीत कोंडलेला असतो, आणि उष्णतेने ती थैली फाटते. म्हणजे पाणी किती रंगले यावरून आत किती थैल्या फुटल्या याचा हिशेब लागतो.

एवढ्या साध्या युक्तीवर पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. बेल्जियममधील लूव्हाँ येथे क्रिस्तियाँ द द्यूव्ह हे उंदराच्या यकृतावर काम करीत होते. त्यांचा मूळ विषय इन्शुलिन. १९४९ च्या डिसेंबरात त्यांनी यकृत हळुवारपणे कुटून त्यात आम्ल फॉस्फेटेज हे एन्झाइम मोजले, तर ते अपेक्षेच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढेच भरले. दुसऱ्या कोणी ‘चुकले’ म्हणून नळी मोरीत ओतली असती. त्यांनी ती शीतकपाटात ठेवली. पाच दिवसांनी तेच द्रावण पुन्हा मोजले आणि एन्झाइम पूर्ण भरले! ते कोठून आले? कोठूनही नाही, ते आतच होते. ताज्या द्रावणात ते थैलीत बंद असल्यामुळे बाहेर टाकलेल्या पदार्थापर्यंत पोचत नव्हते. पाच दिवसांत थैल्या झिजल्या आणि ते बाहेर पडले. या थैल्यांना १९५५ साली लायसोसोम हे नाव मिळाले. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांना लयकारिका म्हणतात. १९७४ चे नोबेल द द्यूव्ह, आल्बेर क्लोद आणि जॉर्ज पालाद या तिघांना विभागून देण्यात आले. यांपैकी क्लोद यांनी यंत्रात फिरवून पेशीचे भाग वेगळे करण्याची रीत बसवली होती.

श्वेतपेशीच्या कणिका याच रीतीने प्रथम १९६० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत झॅनव्हिल कोन आणि जेम्स हर्श यांनी काढल्या, त्याही सशाच्या पेशींतून. पेशी साखरेच्या द्रावणात फोडल्या, केंद्रके खाली बसवली, आणि वरचे द्रावण जोरात फिरवून कणिका गोळा केल्या. जंतू मारणारी द्रव्ये पेशीत मोकळी नसून या कणिकांत आहेत, हे तेव्हा दिसले. पुढे १९६९ साली मार्को बाज्जोलिनी, हर्श आणि द द्यूव्ह यांनी दाखवले की या कणिका एका जातीच्या नाहीत. आकार आणि घनता यांवरून त्यांचे निरनिराळे गट पडतात. इतिहास एवढा पुरे. आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ.

सुरुवात रक्तापासून. रक्ताच्या एका घन मिलिमीटरात लाल पेशी चाळीस-पन्नास लाख आणि श्वेतपेशी जेमतेम चार ते अकरा हजार. पोत्यातल्या तांदळातून खडे वेचण्यासारखे हे काम. पहिली पायरी म्हणून रक्तात डेक्स्ट्रान नावाचा साखरेच्या जातीचा चिकट पदार्थ घालतात. त्यामुळे लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि अर्ध्या-पाऊण तासात तळाशी जातात. वर फिकट पिवळ्या थरात श्वेतपेशी उरतात. त्यानंतरची पायरी आर्ने ब्योयुम यांनी १९६८ साली नॉर्वेत सांगितलेली. १.०७७ घनतेच्या द्रावणावर हा थर हलकेच ओतून यंत्रात फिरवला की लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या हलक्या पेशी द्रावणावर तरंगतात. न्यूट्रोफिल जड, ते तळाला जातात. भंडाऱ्याकडे धानाचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणे वर येतात, भरीव खाली बसतात. तीच ही गोष्ट. तळाशी अजून थोड्या लाल पेशी उरतात. त्यांवर अगदी पातळ मिठाचे पाणी वीस-तीस सेकंद घालतात. त्या फुटतात, आणि लगेच जास्त मिठाचे पाणी घालून न्यूट्रोफिल वाचवतात. ही तीस सेकंदे घड्याळ पाहून मोजायची. या वेळी कोणी दारात येऊन ‘सर, चहा’ म्हणाला तरी वर पाहायचे नाही.

पुस्तकातली ही कृती विदर्भात आणली की थोडी बदलते, आणि ते कोणत्याही पुस्तकात ठळकपणे लिहिलेले नसते. आपल्याकडे सिकलसेल म्हणजे कोयत्याच्या आकाराच्या लाल पेशींचा आजार बऱ्याच घरांत आहे. अशा पेशी एकमेकींवर नीट चळतीने बसत नाहीत, त्यामुळे डेक्स्ट्रान घालूनही त्या वरच रेंगाळतात. पातळ पाण्यातही त्या सहजी फुटत नाहीत. कृमीच्या रोग्यात दुसरी अडचण. चेतवलेल्या इओसिनोफिलची घनता कमी होते, आणि ज्या थरात फक्त लिम्फोसाइट आणि मोनोसाइट असायला हवेत त्या थरात त्याही येऊन बसतात. पुस्तकावर विसंबून कोणी तो थर ‘लिम्फोसाइट’ म्हणून वापरला तर त्याचा सगळा हिशेब चुकेल. तिसरी अडचण उन्हाळ्याची. कृतीत लिहिलेले असते, ‘हे काम खोलीच्या तापमानाला करावे’. ते तापमान नॉर्वेतल्या खोलीचे, वर्ध्याच्या मे महिन्यातले नव्हे. द्रावणाची घनता वीस अंशांना १.०७७ असते, चाळीस अंशांना ती तेवढी राहत नाही. आम्ही बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून, टेबलाखाली घमेल्यात ठेवून, वर पंखा लावून काम केले आहे. त्याने खोली गार झाली नाही, पण थर्मामीटर पाहण्याची सवय लागली.

आता पेशी फोडण्याची पायरी. मी सर्वांत जास्त शिकलो ते येथेच, आणि ते शिकताना दुसऱ्याचे नुकसान केले. ती गोष्ट सांगणे मला भाग आहे.

१९८० च्या दशकातली गोष्ट. विदर्भातल्या एका प्रयोगशाळेत मी नवा होतो. रात्रीच्या पथकाबरोबर मी एका खेड्यात गेलो. एक शेतमजूर, वय पन्नाशीच्या आसपास, त्याच्या रक्तात कृमीची पिल्ले सापडली होती आणि दर चार श्वेतपेशींत एक इओसिनोफिल होती. मी त्याला दंडातून वीस मिलिलीटर रक्त मागितले. कशासाठी, हे मी त्याला समजेल असे सांगितले नाही. ‘डॉक्टरांना तपासायचे आहे’ एवढेच म्हणालो. त्याने बाही वर केली. बर्फाच्या थर्मासमधून ते रक्त घेऊन मी मध्यरात्री परतलो आणि लगेच कामाला लागलो. सुमारे पाच कोटी पेशी मिळाल्या. त्या मी काचेच्या कुटणीत घातल्या. ही एक काचेची नळी असते आणि तिच्यात नेमका बसणारा काचेचा दांडा असतो. दांडा खालीवर केला की पेशी फटीतून घासून फुटतात. दहा वेळा दांडा फिरवून मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर निम्म्याहून अधिक पेशी तशाच. आणखी दहा. आणखी वीस. मग मी जोर लावला. एकाएकी दांडा जड झाला. वर ओढला तर त्याबरोबर शेंबडासारखी तार निघाली.

काय झाले होते? केंद्रके फुटली होती. माणसाच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा गुंडाळलेला असतो. पाच कोटी पेशींचा हिशेब विद्यार्थ्यांनी आताच करावा: एक लाख किलोमीटर. पृथ्वीला अडीच वेढे बसतील एवढा धागा त्या बोटभर नळीत सुटला होता आणि त्याने सगळ्या कणिका आपल्यात गुंतवून टाकल्या होत्या. पिंजाऱ्याच्या धुनकीला ओला कापूस अडकावा तसे. त्यातून काहीही वेगळे होण्यासारखे नव्हते. पहाटे चार वाजता ते सगळे मी टाकून दिले.

आठवड्याने तो माणूस गोळ्या घेण्यासाठी आला. मला ओळखून त्याने विचारले, ‘‘काय निघालं जी माह्या रक्तात?’’ मी काहीतरी शास्त्रीय बोललो. ते त्याला कळले नाही, आणि कळू नये म्हणूनच मी तसे बोललो होतो.

त्यानंतर मी स्वतःपुरता एक नियम केला. आधी स्वतःचे रक्त. लागोपाठ पाच वेळा कणिका शाबूत निघाल्याशिवाय रोग्याच्या रक्ताला हात लावायचा नाही. आज तर असे रक्त घेण्यापूर्वी नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि देणाऱ्याची त्याच्या भाषेतली लेखी संमती लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे त्याबाबत स्पष्ट आहेत. काही तरुण संशोधक या कागदांना कंटाळतात. मला त्यांचा कंटाळा समजतो, पण पटत नाही.

काचेच्या कुटणीहून चांगली रीत डेन्मार्कच्या नील्स बोरगार्ड यांच्या कामामुळे १९८० च्या दशकात रूढ झाली. ती समजायला गोळी सोडा आठवावा. बाटलीतली गोळी आत ढकलली की दाब सुटतो आणि पाण्यात विरघळलेला वायू एकदम बुडबुडे होऊन उसळतो. येथे सोड्याच्या जागी पेशींचे द्रावण, बाटलीच्या जागी पोलादी भांडे आणि वायू नायट्रोजन. वातावरणाच्या सुमारे पंचवीस पट दाबाने नायट्रोजन पेशींच्या आत विरघळवतात, काही मिनिटे थांबतात आणि मग तोटी किंचित उघडून थेंबथेंब बाहेर घेतात. बाहेर येताच प्रत्येक पेशीत बुडबुडे उसळतात आणि तिचे पातळ बाह्य आवरण फाटते. कणिका लहान, त्यांच्या वाट्याला बुडबुडे कमी. केंद्रकही बहुतेक टिकते. शिवाय वायू प्रसरण पावताना थंडावा येतो, घासण्याची उष्णता नाही. आणि नायट्रोजनमुळे हवेतल्या ऑक्सिजनचा उपद्रव नाही. सगळ्या पेशींवर एकच दाब पडतो, त्यामुळे काल एक आणि आज दुसरे असे होत नाही. कुटणीत फोडणाऱ्याचा हात आणि त्याची मनःस्थिती या दोन्ही गोष्टी मिसळतात.

पेशी कोणत्या द्रावणात फोडायची, यालाही महत्त्व आहे. पेशीच्या आत सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त, म्हणून द्रावणही पोटॅशियमचे. केंद्रक घट्ट राहावे म्हणून थोडे मॅग्नेशियम. आणि फोडलेला थेंब ज्या भांड्यात पडतो त्यात कॅल्शियम पकडून ठेवणारे द्रव्य, कारण कॅल्शियम मोकळे झाले की कणिका एकमेकींना चिकटू लागतात. शिवाय न्यूट्रोफिलच्या पोटात प्रथिने पचवणारी एन्झाइमे भरपूर; एखादी जरी थैली फुटली तरी ती शेजारच्या थैल्यांवर तुटून पडतात. त्यांना आवर घालणारी औषधे आधीच घालावी लागतात, आणि सगळे काम बर्फावर. ही औषधे विषारी असतात. ती हाताळायला शिकलेला माणूसच हवा.

फुटलेले द्रावण आधी हळू फिरवायचे, गुरुत्वाच्या चारशे पट. केंद्रके आणि न फुटलेल्या पेशी खाली बसतात. वरचे धुरकट पाणी घ्यायचे आणि ते परकॉलच्या थरांवर ठेवायचे. परकॉल म्हणजे वाळूच्याच द्रव्याचे अतिसूक्ष्म कण, त्यांवर लेप दिलेला. हे स्वीडनमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. साखरेने द्रावण जड करता येते, पण दाट साखर कणिकेतले पाणी ओढून तिला आक्रसून टाकते. खारवलेल्या कैरीच्या फोडीसारखी. परकॉलने ते होत नाही. वरचा थर १.०५ घनतेचा, खालचा १.१२ चा. यंत्र गुरुत्वाच्या चाळीस हजार पटींच्या आसपास फिरवले की पाव-अर्ध्या तासात नळीत तीन पट्टे उभे राहतात. सर्वांत खाली अॅझुरोफिल कणिका, मध्ये विशिष्ट कणिका, वर पेशीच्या आवरणाचे तुकडे आणि हलक्या पिशव्या. पुढे १९९० च्या दशकात तीन थर लावून मधल्या पट्ट्यातून जिलेटिनेज कणिकाही वेगळ्या काढता आल्या. तळाचा पट्टा हिरवट दिसतो. तो रंग मायलोपेरॉक्सिडेज या एन्झाइमचा. जखमेतल्या पुवाला जी हिरवट झाक असते ती याचीच. १९४१ साली स्वीडनच्या शेल आग्नेर यांनी ते शुद्ध केले तेव्हा त्यांनी त्याला हिरवे पेरॉक्सिडेज असेच नाव दिले होते.

पट्टे दिसले की नवशिका खूश होतो. मीही झालो होतो. पण पट्टे सुंदर दिसणे हा पुरावा नव्हे. फुटून रिकाम्या झालेल्या थैल्याही कोठेतरी पट्टा करतातच. येथे बीट आणि द द्यूव्ह पुन्हा आठवावेत. पट्ट्यातला थोडा भाग घ्या आणि त्यातले एन्झाइम तसेच मोजा. मग दुसऱ्या तेवढ्याच भागात साबणासारखे द्रव्य घालून सगळ्या थैल्या मुद्दाम फोडा आणि पुन्हा मोजा. फोडल्यावर शंभर आले आणि न फोडता पंधरा आले, तर पंच्याऐंशी टक्के थैल्या शाबूत होत्या असा अर्थ. न फोडताच नव्वद आले तर मुकाट्याने मान्य करावे की हाती थैल्या नाहीत, चिंध्या आहेत. शिवाय हिशेब जुळायला हवा. सुरुवातीच्या पेशींत जेवढे एन्झाइम होते तेवढेच सगळे भाग मिळून शेवटी भरले पाहिजे. निम्मेच भरले तर निम्मे कोठे सांडले, ते शोधायचे. आणि एका पट्ट्याची खूण दुसऱ्यात किती मिसळली, तेही पाहायचे: मायलोपेरॉक्सिडेज तळाच्या पट्ट्यात, लॅक्टोफेरिन मधल्यात, अल्कधर्मी फॉस्फेटेज वरच्यात. दुकानाच्या रोजमेळीत जमा आणि शिल्लक जुळल्याशिवाय मुनीम घरी जात नाही. प्रयोगशाळेतही जाऊ नये.

या सगळ्या खटाटोपातून काय मिळाले, असे एका पालकांनी भाषणानंतर विचारले. एक उदाहरण देतो. काही मुलांना जन्मतःच असा दोष असतो की त्यांच्या न्यूट्रोफिल जंतू गिळतात पण मारू शकत नाहीत. त्यांना पुन्हापुन्हा गळवे होतात. त्यांपैकी अनेकांत सायटोक्रोम-बी नावाचे प्रथिन नसते. हे प्रथिन निरोगी पेशीत कोठे राहते? बोरगार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली वर सांगितलेल्या रीतीनेच दाखवले की विसावलेल्या पेशीत ते मुख्यतः विशिष्ट कणिकांच्या आवरणात असते आणि पेशी चेतवली गेली की बाहेरच्या आवरणाकडे सरकते. कणिका फुटलेल्या असत्या तर हे सरकणे दिसलेच नसते. सगळे सगळीकडे दिसले असते. इओसिनोफिलच्या बाबतीत अमेरिकेत जेराल्ड ग्लाइख यांनी १९७३ साली गिनीपिगच्या कणिकांतून मुख्य अल्कधर्मी प्रथिन शुद्ध केले, आणि तेच पुढे कृमींच्या पिल्लांना इजा करताना आढळले. आता चुंबकाला चिकटणाऱ्या सूक्ष्म मण्यांनी हवी ती पेशी, आणि वाढवलेल्या पेशींतून हवे ते अंगकही काही मिनिटांत ओढून घेता येते. यंत्रे बदलली. फोडण्यापूर्वी आणि फोडल्यानंतर मोजण्याची रीत मात्र तीच आहे.

तो शेतमजूर मला पुन्हा भेटला. दीड वर्षाने त्याच खेड्यात, रात्रीच्या पथकाबरोबर. दरम्यान माझ्या स्वतःच्या दंडावर सुईच्या बऱ्याच खुणा झाल्या होत्या आणि पाच वेळांचा नियम पुरा झाला होता. या वेळी मी त्याच्या ओट्यावर बसलो आणि सरकी-रुईचेच उदाहरण देऊन त्याला सांगितले की त्याच्या रक्तातल्या कोणत्या पेशीतून मी काय काढू पाहतो, आणि त्यातून त्याला स्वतःला काही लाभ होणार नाही. त्याने ऐकून घेतले.

‘‘किती घेता जी?’’

‘‘दहा.’’

‘‘मागं तं वीस घेतलं होतं.’’

‘‘मागचं माझ्या हातून वाया गेलं. पेशी फोडताना आतलं सगळंच फुटलं. तेव्हा मी तुम्हाला ते सांगितलं नाही.’’

तो थोडा वेळ काही बोलला नाही. आत त्याची बायको चूल सारवत होती, तिचा हातही थांबला. मग त्याने बाही वर केली. ‘‘आता नीट करजा,’’ म्हणाला.

त्या रात्रीचा आकडा माझ्या वहीत आहे: न फोडता सोळा, फोडल्यावर शंभर. सकाळी तो गोळ्यांसाठी आला तेव्हा नळी अजून बर्फात होती. मी ती पुसून त्याच्या हातात दिली आणि तळाचा हिरवट पट्टा दाखवला. ‘‘हे माह्यातलं?’’ असे विचारून त्याने नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली, आणि गोळ्यांची रांग पुढे सरकली तरी तो ती पाहतच राहिला.